वाळुंजाखालच्या जागेचं प्रकरण

प्यो ग्यू-नामच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये डाव्या कप्प्यात किमची असते आणि उजव्या कप्प्यात गांडुळं. घोटाळा आजवर एकदाच झालाय. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

*

तीस पूर्णांक तीन.

*

सहा मीटर लांबीचं ओलं कापड वरच्या मजल्यावरून खाली सोडलं, की वाऱ्यात ते चिडलेल्या कोंबडीसारखा आवाज करतं.

*

'मेंग गुप्तशोध कार्यालय. संचालक : मेंग दू-शिक. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या पाण्याचे मीटर वाचले. आता माणसं वाचतो. माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. (दुपारी एक ते दोन जेवणासाठी बंद.)'

*

लाल बियांचा थर लावलेल्या तांदळाच्या वड्या. एक खोका, वाफाळलेला. कुणीही हात लावला नाही.

*

नुनगोक तलावाच्या वरच्या टोकाला एक वाळुंजाचं झाड अर्धं पाण्यात उभं आहे. त्याच्याखाली एका माणसापुरती जागा आहे. दोघं बसले तर दुसऱ्याचं बूड भिजतं.

*

या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध आहे, असं मेंगचं म्हणणं होतं. मेंगचं म्हणणं खरं ठरायची ती पहिलीच वेळ. संबंध नेमका काय, एवढंच तेवढं त्याला कळलं नव्हतं.

प्योला मात्र कशाचाच कशाशी संबंध नको होता. त्याचं हाग्ये गावात गळ, दोऱ्या, आमिष यांचं दुकान होतं, गावातलं एकमेव. दुकानाच्या मागच्या खोलीत फ्रिजशेजारी एक टेबल होतं. निवृत्त झाल्या दिवशी मेंग त्या टेबलाशी 'जरा टेकतो' म्हणून बसला, त्याला आता सहा वर्षं झाली. भिंतीवर त्याने स्वतः पाटी ठोकली. ठोकताना फुटलेला प्लास्टर प्योने भरला. त्या दिवसापासून प्यो मेंगचा सहायक झाला, म्हणजे मेंगने तसं जाहीर केलं.

दोघंही 'तीस पूर्णांक तीन मंडळा'चे सभासद. बुंगो मासा तीस पूर्णांक तीन सेंटीमीटरच्या वर भरला तर धरणाऱ्याची मान गावात ताठ होते. त्याच्या आत भरला तर तो फक्त मासा. मंडळात पाच जण : मेंग, प्यो, योम मास्तर, छू न्हावी आणि अध्यक्ष ब्योन, वय एकोणऐंशी. मंडळाचा नियम एकच आणि कडक : माप दोन सभासदांसमोर झालं पाहिजे. नाहीतर मासा मोजला जात नाही.

आता खरी गोम अशी, की एकतीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी ब्योननी त्या वाळुंजाखाली एकेचाळीस सेंटीमीटरचा बुंगो धरला होता. एकट्याने. साक्षीला एक बगळा. म्हणजे तीस पूर्णांक तीन मंडळाच्या अध्यक्षाने आजवर नियमाप्रमाणे एकदाही तीस पूर्णांक तीन गाठले नव्हते. हा नियम त्यांनीच केला होता.

"रविवारी मुलगी येतेय न्यायला," सोमवारच्या बैठकीत ब्योन म्हणाले. "इंचनला. चौदावा मजला आहे म्हणे."

छू न्हाव्याने कॉफी दुसऱ्यांदा ढवळली.

"हवा चांगली असते चौदाव्या मजल्यावर," योम मास्तर म्हणाले.

"असेल. मासे चढत नाहीत तिथवर." ब्योननी टेबलावर हात फिरवून आपला चष्मा शोधला. तो त्यांच्या डोक्यावर होता. "या शनिवारी नुनगोकला जाऊ. माझ्या जागेवर. पुढच्या आठवड्यात भातलावणीला पाणी सोडतील, मग झाड चिखलात. तुम्ही चौघं असाल तर... असो. जाऊ आपले."

'असो'च्या अलीकडे काय होतं ते सगळ्यांना कळलं. हाग्येत थेट बोलायची पद्धत नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर इथला माणूस 'आज तुमच्याकडे जरा उबदार दिसतंय' इथून सुरुवात करतो.

अडचण होती ती गळ टाकणाऱ्या दुसऱ्या मंडळाची, निळी लाटची.

त्या वसंतात सलग चार शनिवारी एकच प्रकार घडला होता. मंडळाने बंद खोलीत, पडदे ओढून, दबक्या आवाजात तलाव ठरवायचा. पहाटे पाचला तिथे पोचावं, तर काठावर निळी लाटचे सतरा जण छत्र्या लावून, खुर्च्या टाकून बसलेले. चांगल्या जागा सगळ्या गेलेल्या. आणि त्यांचा म्होरक्या हाम ग्वांग-ह्यो हात हलवून हसतोय, हातात वड्यांचा खोका.

"हसतोय!" मेंग म्हणाला होता. "ग्यू-नाम, गुन्हेगार दोन प्रकारचे. एक हसत नाही. दुसरा हसतो."

"मग राहिलं कोण, दादा?"

"म्हणूनच हे काम अवघड आहे. आणि दादा नाही. कार्यालयात संचालकसाहेब म्हणायचं."

सिद्धांत पहिला : थर्मास

गुप्त बैठकीत बाहेरची वस्तू एकच होती, योम मास्तरांचा थर्मास. त्यात ऐकण्याचं यंत्र असणार. मेंगने तो खोलला. आत काच होती. नंतर काच सगळीकडे होती.

"यंत्र सापडलं का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. यावरून ते किती छोटं आहे हे लक्षात येतं."

पुढच्या बैठकीला ते फक्त स्वतःपुरती कॉफी घेऊन आले.

सिद्धांत दुसरा : मका

दुसऱ्या शनिवारनंतर मेंगने प्योला खुर्चीत बसवलं. ही खुर्ची प्योचीच होती. दिवा त्याच्या तोंडावर वळवला. दिवाही त्याचाच.

"सोंगाम तलावात ते परदेशी ब्लूगिल मासे फार. गांडूळ टाकलं की पोहोचायच्या आत तेच फस्त करतात. म्हणून तिथे मका लावतात. बरोबर?"

"बरोबर."

"तू त्या आठवड्यात आम्हाला काय दिलंस?"

"मका."

"आणि जो कोणी तुझ्या दुकानात येऊन बघेल, की मंडळाने मका नेला, त्याला काय कळेल?"

"की तुम्ही मका नेला."

"की आम्ही सोंगामला चाललो! हाम तुझ्या दुकानात येतो की नाही?"

"येतो. सगळेच येतात. गावात दुसरं दुकान कुठंय, दादा?"

"म्हणजे कबूल आहे!" मेंग वळून भिंतीला म्हणाला. तिथे कुणी नव्हतं, पण त्याला असं वळायला आवडायचं.

त्या आठवडाभर प्यो संशयित होता. संशयिताने सहायकाचं काम करायचं की नाही, याबद्दल मेंगने विचार केला आणि करायचं असं ठरवलं, कारण गाडी प्योची होती.

सिद्धांत तिसरा

हा मेंगच्या वहीत आहे, पण त्यावर रस्सा सांडलाय. वाचता येतं ते इतकंच : '...म्हणून काळ्या शेवया पोचवणारा माणूस डावखुरा असलाच पाहिजे.'

सिद्धांत चौथा : सापळा

हा मात्र खरोखर बुद्धीचा होता, हे प्योलाही मान्य होतं. चौथ्या शनिवारसाठी मेंगने चौघांना चार वेगवेगळे तलाव सांगितले. ज्या तलावावर निळी लाट उगवेल, तो तलाव ज्याला सांगितला, तोच फितूर.

योम मास्तर तेमुनला गेले. छू वोलचॉनला. प्यो सोंगामला. अध्यक्ष ब्योन तीन बस बदलून होगोकला गेले आणि दिवसभर एकटे बसले. संध्याकाळची बस रद्द झाली तेव्हाही त्यांना न्यायला कुणी तिथे नव्हतं. चारही काठांवर निळी लाटचा मागमूस नाही.

निळी लाट छांगी तलावावर होती. छांगी फक्त मेंगला माहीत होतं. तो स्वतः तिथे गेला होता.

"म्हणजे फितूर कोण?" छूने विचारलं.

मेंगने बराच वेळ डोळे मिटले. "शास्त्रीय दृष्ट्या पाहिलं तर," तो म्हणाला, "मी. म्हणून शास्त्र या बाबतीत चुकतंय."

होगोकच्या काठावर ब्योन कसे बसले असतील ते प्योला दोन दिवस दिसत राहिलं. त्यानंतरच्या सोमवारी म्हातारा 'असो' म्हणाला, तेव्हा त्याने ठरवलं, हा शनिवार चुकू द्यायचा नाही.

नुनगोकच्या सहलीची कामं अशी वाटली गेली. प्योच्या हातातला कागद जसाच्या तसा :

गाडी – प्यो
आमिष – प्यो
रस्सा, भांडी, शेगडी – प्यो
अध्यक्षांचा जाड लाल टोकाचा तरंगा – प्यो (रंगवून)
तांदळाची दारू – छू
मोजपट्टी – योम मास्तर
बॅनर – मेंग
गुप्तता – मेंग

बुधवारी मेंगने चारही सहलींचे फोटो टेबलावर मांडले आणि भिंग काढलं. सहलीला बॅनर धरून सगळ्यांनी फोटो काढायचा असतो. तो नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता. फोटोंमध्ये मागे निळी लाटचे लोक दिसत होते.

"यांचे चेहरे पाहा," मेंग म्हणाला. "उत्तर यांच्या चेहऱ्यात आहे."

फोटोचा खालचा अर्धा भाग बॅनरनेच व्यापला होता. लक्ष विचलित होऊ नये म्हणून मेंगने तो हाताने झाकला.

चौथ्या फोटोत बॅनरचं एक टोक मेंगच्या हातात होतं. दुसरं हामच्या.

"दादा, हामने का धरलंय?"

"बाकी कोण होतं धरायला? तुम्ही सगळे चार गावांना! फोटो तर काढायचा होता." मेंगने भिंग डोळ्याला लावलं. "बघ. डावा कोपरा ओठाचा. हा माणूस काहीतरी लपवतोय."

हाम फोटोत दात दाखवून हसत होता. लपवलेला असा एकही दिसत नव्हता, आणि एक दात सोन्याचा होता.

गुरुवारी दुपारी एक ते दोन. कार्यालय जेवणासाठी बंद.

सोबुन मावशींचं शेवयांचं दुकान चौकात आहे. मेंग नेहमीप्रमाणे दाराकडे तोंड करून बसला, कारण गुप्तहेराने दाराकडे पाठ करायची नसते. खिडकीकडे चालते, असं त्याच्या नियमांत होतं. प्यो समोर बसला. कालवांचा रस्सा आला, किमची आली. मावशींनी किमची कात्रीने कापली आणि कात्री हातातच ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"या वेळेस नुनगोक का?" त्या म्हणाल्या. "थंडी असते हो तिथे पहाटेची. म्हाताऱ्याला घोंगडी न्या."

मेंगच्या काडीवरची शेवई परत वाडग्यात पडली.

"ग्यू-नाम," तो ओठ न हलवता म्हणाला, "दार बंद कर."

"दुपारची गिऱ्हाइकी आहे, दार कशाला बंद करताय?" मावशी म्हणाल्या.

"मावशी. शांतपणे उत्तर द्या. नुनगोक हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाचलं."

"वाचलं! कुठे? कुणाच्या वहीत? कचऱ्यात चिठ्ठी होती?"

मावशींनी कात्रीने खिडकीकडे दाखवलं. "ते काय."

प्योने मान वर केली. तो महिनाभर त्याच खिडकीसमोर बसून जेवत होता.

रस्त्यापलीकडे बांगचं बॅनरचं दुकान. दुकान एवढंसं, आत छापायचं यंत्र ठेवलं की माणसालाही आडवं उभं राहावं लागतं. म्हणून बांग ताजा बॅनर शाईचा वास जाईपर्यंत दोन दिवस वरच्या मजल्यावरून चौकात सोडून ठेवतो. कुणाची मुलगी परीक्षा पास झाली, कुणाच्या सासऱ्यांची सत्तरी, कुठे बटाट्याचं बियाणं आलं, सगळं तिथेच लोंबतं. गावाला त्याची इतकी सवय, की कुणी बघत नाही. बघणारे बघतात, ते अक्षर सरळ आलंय का एवढंच. मंगळवारी योम मास्तरच म्हणाले होते, 'या वेळचा निळा रंग बरा आलाय.'

सहा मीटर कापड वाऱ्यात चिडलेल्या कोंबडीसारखं ओरडत होतं. त्यावर, बसथांब्यावरूनही वाचता येतील अशा अक्षरांत :

हार्दिक स्वागत! तीस पूर्णांक तीन मंडळ – वसंत सहल – नुनगोक तलाव (वरचं टोक) – शनिवार पहाटे पाच

कोपऱ्यात मेंगचा फोटो. खाली बारीक : 'नियोजन व गुप्तता : मेंग दू-शिक.'

मेंग खुर्चीत वळला आणि त्याने ते फोटोसकट वाचलं.

"मला पहिल्यापासून संशय होता," मेंग म्हणाला.

"कुणाचा?"

"...बांगचा."

"बांगला काय माहीत? तुम्ही लिहून दिलंत ते त्याने छापलं," मावशी म्हणाल्या. "आणि 'हार्दिक स्वागत' काय माझ्या आईने लिहिलं?"

"ते बांगकडे आधीच तयार असतं! सगळ्यांच्या बॅनरवर असतं!"

"मग हाम काय समजणार? रोज इथेच जेवतो बिचारा. पहिल्यांदा वाचलं तर डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, मावशी, एवढी वर्षं बोलत नव्हते, आता स्वागत म्हणून लिहिलंय. सतरा जणांना घेऊन गेला. वड्या करून नेल्या बायकोने. तुम्ही कुणी हात लावला नाहीत. मग म्हणाला, आपण उशिरा गेलो असू. दुसऱ्या वेळी चारला गेला."

प्योने पाण्याचा पेला खाली ठेवला. त्याला वड्या आठवल्या. चार शनिवारच्या, चार खोके, वाफाळलेले. मेंगने त्यात विष आहे का बघायला एक बदकाला टाकली होती. बदक आनंदाने आणखी मागत होतं.

"आणि तुम्ही महिनाभर बोलला नाहीत?" मेंग म्हणाला.

"तुम्ही विचारलं होतं का? तुम्ही विचारता, रस्सा तिखट आहे का. तिखट नाही, असं मी सांगते."

मेंग उठला. त्याच्या चेहऱ्यावर पाचव्या सिद्धांताची चिन्हं दिसू लागली. "अजून वेळ आहे. आत्ताच्या आत्ता दुसरा बॅनर करायचा. खोटा. 'सोंगाम तलाव' म्हणून. ते सतरा जण तिकडे जातील, आणि आपण..."

"आणि सोंगामला सतरा जण वड्या घेऊन तुमची वाट बघत बसतील," मावशी म्हणाल्या. "होगोकला म्हातारा बसला तसे."

मेंग खाली बसला.

प्यो खिडकीकडे बघत होता. "मावशी, हाम येईल का आज जेवायला?"

"तो आत्ताच जेवून गेला. पण कशाला हवाय तो? बॅनर वाचतोच ना तो? मग त्यालाच लिहा की."

एवढं बोलून त्या दुसऱ्या टेबलाची किमची कापायला गेल्या. प्रकरण तिथे संपलं. मेंगच्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे : 'प्रचंड विचारांती उलगडा झाला.'

बांगने बॅनर खाली घेतला नाही. एक हातभर पट्टी छापून त्याखाली शिवली. शुक्रवारी सकाळपासून चौकात होतं :

वाळुंजाखालची जागा ब्योन आजोबांची.

शनिवारी पहाटे पावणेपाचला प्योची गाडी नुनगोकच्या वरच्या टोकाला थांबली. धुकं पाण्यावरून सरकत होतं. काठावर या कडेपासून त्या कडेपर्यंत छत्र्या. सतरा. मधे वाळुंज, आणि त्याच्याखाली कुणी नाही. गवत कापलेलं. मातीवर चटई अंथरलेली, चटईवर गरम पाण्याची पिशवी.

हाम उठून उभा राहिला. वड्यांचा खोका त्याच्या हातात होता, पण पुढे करावा की नाही ते त्याला ठरवता येईना.

योम मास्तर गेले आणि त्यांनी एक वडी घेतली. मग दुसरी घेतली. "गोडाला जरा बेतानेच आहे," ते म्हणाले. हाग्येत याहून मोठी माफी अजून कुणी मागितलेली नाही.

"यंदा सर्दी जास्त आहे म्हणतात," हाम म्हणाला, आणि त्याने डोळे पुसले.

ब्योन बसले. प्योने रंगवलेला जाड लाल टोकाचा तरंगा पाण्यात उभा राहिला. सात वाजेपर्यंत काही नाही. आठला छूने दारू ओतली. साडेआठला मासा लागून तरंगा हळूच वर आला, आडवा झाला, आणि ब्योनना तो दिसलाच नाही.

"आजोबा!" सतरा लोक एकदम ओरडले.

मासा आला. रुंद, पितळी, शांत. योम मास्तरांनी मोजपट्टी ठेवली. सगळे वाकले. प्योने बघितलं. एकोणतीस पूर्णांक सहा. दोनदा बघितलं. मोजपट्टी चांगली होती.

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. फार घाण झाला असावा, कारण ते पुसतच राहिले. हाम आकाशाकडे बघत म्हणाला, "पाऊस येतो की काय."

"किती?" ब्योननी विचारलं. "मला दिसत नाही रे. मेंग, तू वाच."

मेंग गुडघ्यांवर बसला. सत्तावीस वर्षांत त्याने कधी एक आकडा वर-खाली केला नव्हता. एकदा स्वतःच्या मेव्हण्याचं पाणी तोडायला लावलं होतं त्याने, अर्ध्या आकड्यावरून. तो पट्टीच्या अगदी जवळ गेला. भिंग काढलं. परत खिशात ठेवलं.

"तीस पूर्णांक चार," तो म्हणाला.

"साक्षीदार?"

"मी," प्यो म्हणाला.

"मी," छू म्हणाला. मग मास्तर. मग, नियमात नसताना, एका मागोमाग एक, सतरा जण.

ब्योननी अंगठा माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत हळू फिरवला. बोटांनी एकदा मोजलं, परत एकदा. मग मासा पाण्यात सोडला.

"मेंग," ते म्हणाले, "माझ्या घरचा मीटर पण तू असाच वाचायचास का?"

मेंगने पहिल्यांदाच काही सिद्धांत मांडला नाही.

फोटो काढायला बॅनर उघडला तेव्हा बावीस जणांना धरायला तो पुरला नाही. कडेचे लोक नुसतेच हवेत हात धरून उभे राहिले.

पहिल्या सहलीच्या आधी मेंगने बांगला सांगितलं होतं : अक्षरं मोठी काढ, ब्योनसाहेबांना आता दिसत नाही.